रोजची लाल बस आणि महिन्याची राणी चन्नम्मा: गेमिंगसाठी कुठलं हँडहेल्ड घ्यावं?

चंदगड_लाईन

नमस्कार मंडळी. मी औषध कंपनीचा एमआर. राहायला अनगोळला, फिरती खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी, चिकोडी. दिवस अर्धा बसमध्ये जातो आणि अर्धा डॉक्टरांच्या दारात. ओपीडी संपल्याशिवाय आत सोडत नाहीत. कधी वीस मिनिटांत काम होतं, कधी दोन तास बाकड्यावर बसावं लागतं. कंपनीच्या मीटिंगला महिन्यातून एकदा राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळूर.

शाळेपासून गेम खेळतोय. घरचा पीसी आता धाकट्या भावाच्या ताब्यात आहे आणि मी घरी पोचेपर्यंत जेवून अंग टाकायचीच वेळ झालेली असते. मोबाईलवर खेळून बघितलं, जमलं नाही. एक तर जाहिराती. दुसरं म्हणजे आमच्या भेटींची नोंद ॲपवर तिथल्या तिथं करावी लागते, फोन मेला तर त्या दिवसाचं काम कागदावर दिसतच नाही. म्हणून गेमसाठी यंत्र वेगळंच हवं, हे माझं ठरलंय.

हातात धरून खेळायची तीन यंत्रं (हँडहेल्ड) डोळ्यासमोर आहेत: निन्टेंडो स्विच, स्टीम डेक आणि आरओजी ॲलाय. व्हिडिओ भरपूर बघितले, पण सगळे सोफ्यावर बसून बोलतात. मला बसमधलं ऐकायचंय. चार्जिंगला सॉकेट नाही, जांबोटीकडं रेंज नाही, जुलैत खिडकीतून पाणी आत येतं, पाठीवरच्या बॅगेत सॅम्पल आणि माहितीपत्रकं आधीच गच्च भरलेली. अशात कुठलं टिकेल? नेहमी फिरणाऱ्यांनी सांगावं. पैसे साठवून घेणार आहे, त्यामुळं एकदाच नीट घ्यायचंय.

निपाणी_स्टँड

भावा, माझं मत वेगळं आहे. फोनला दोन्ही बाजूंनी धरणारा टेलिस्कोपिक कंट्रोलर मिळतो, तो घे. आणि गेमसाठी जुना फोन वापर, कामाचा नको. कंट्रोलर फोनच्याच पोर्टमधून करंट घेतो, त्याला वेगळं चार्जिंग लागत नाही. पैसे देऊन घ्यायचे गेम घेतलेस तर जाहिरातींचा त्रासच नाही. मी निपाणी-कोल्हापूर रोज करतोय, तेवढ्या वाटेला एवढं पुष्कळ होतंय.

नवं यंत्रच घ्यायचं असेल तर ॲलाय बघ गा. ते २०२३ च्या जुलैपासून भारतात अधिकृत विकलं जातंय, बिल मिळतंय, वॉरंटी मिळतीय. स्विच आणि डेक बाहेरून आलेले असतात, बिघडलं तर कुणाच्या दारात जाणार?

उद्यमबाग_फिटर

माझं काम फाउंड्रीतल्या मशिनींची सर्व्हिस. ऑफिस उद्यमबागला, पण बोलावणं येईल तिकडं जायचं: शिरोली, गोकुळ शिरगाव, हुबळी, कधी पार भोसरी. आधी स्विच वापरला, तो आता पुतण्याकडं आहे. सध्या स्टीम डेक. ॲलाय मित्राची आहे, तीही बऱ्यापैकी हाताळलीय. तुमचं नि माझं फिरणं सारखंच दिसतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

बॅटरीच्या आधी यंत्राची झोप बघा. तुम्ही बाकड्यावर बसलाय, गेम रंगात आलाय आणि कंपाउंडरनं हाक मारली. त्या क्षणी एक बटण दाबून यंत्र बॅगेत जायला पाहिजे आणि तासाभरानं पुन्हा बटण दाबलं की गेम सोडला तिथंच उभा पाहिजे. स्विच आणि डेक दोन्ही हे चोख करतात. गेमची सगळी अवस्था मेमरीत तशीच धरून ठेवतात, काही सेकंदांत परत. हे किती लागतं ते गेमवर अवलंबून असतं. स्टारड्यू व्हॅली घ्या: त्यात शेतावरचा दिवस संपवून पात्र झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही. बस संकेश्वरला लागली म्हणून गेम बंद केला तर त्या दिवसाची सगळी पेरणी गेली. यंत्र नीट झोपणारं असेल तर ही काळजीच राहत नाही.

ॲलाय म्हणजे विंडोज ११. विंडोजची झोप अर्धवट असते, मागं काही ना काही चालू राहू शकतं. बंद बॅगेत यंत्र जागं झालं तर गरम होतं आणि बॅटरी उतरते. त्यावर उपाय आहे. पॉवर बटणाला ‘हायबरनेट’ लावा. मग सगळं एसएसडीवर लिहून यंत्र पूर्ण बंद होतं. उठायला थोडा जास्त वेळ लागतो, पण बॅगेत शांत राहतं. निपाणीच्या मित्राचा वॉरंटीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण ॲलाय घेणाऱ्यानं हे सेटिंग पहिल्या दिवशीच करावं.

आता बॅटरी. एमएएच बघू नका, वॉट-अवर बघा, कारण तुलना त्यातच खरी होते. स्विचची बॅटरी साधारण १६ वॉट-अवर, पहिल्या डेकची ४०, नंतरच्या ओलेड पडद्याच्या डेकची ५०, पहिल्या ॲलायची ४०. आकडा मोठा म्हणजे जास्त वेळ, असं नाही. स्विच खातोच कमी. २०१९ नंतरचा स्विच साडेचार ते नऊ तास जातो, त्याचाच छोटा भाऊ स्विच लाईट तीन ते सात. डेकवर जड थ्रीडी गेम पूर्ण जोरात चालवला तर सगळं मिळून २५ वॉटच्या आसपास ओढतो, म्हणजे ४० ची बॅटरी दीड तासात संपली. बेळगावहून निघालात तर निपाणी यायला संपली म्हणा. तोच डेक साध्या टूडी गेमवर आठेक वॉटवर चालतो, म्हणजे पाच तास.

हे तुमच्या हातात आहे. डेकवर तीन ठिपक्यांचं बटण आहे, तिथं फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) ४० वर बांधा, टीडीपी (चिपनं किती वॉट खायचे त्याची मर्यादा) १५ वरून ८-९ वर आणा, उजेड कमी करा. हलणाऱ्या बसमध्ये सात इंची पडद्यावर ६० आणि ४० फ्रेममधला फरक मला तरी जाणवत नाही. प्रत्येक गेमची सेटिंग वेगळी साठवता येते, एकदा बसून लावून टाका.

पॉवर बँक घेताना लोक इथंच फसतात, म्हणून जरा हिशेब मांडतो. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ७४ वॉट-अवर. व्होल्टेज बदलताना आणि केबलमध्ये बरंच वाया जातं, हातात ५० ते ५५ उरतं असं धरा. त्यात स्विच तीनदा भरतो, पहिला डेक एकदा आणि वर थोडा. पण क्षमतेइतकाच वेग महत्त्वाचा. डेकचा चार्जर ४५ वॉटचा आहे, १५ व्होल्ट ३ अँपियर. बाजारात सर्रास मिळणाऱ्या बँकेवर २२.५ वॉट लिहिलेलं असतं, तो आकडा फोनच्या जलद चार्जिंगचा. पीडीवर (पॉवर डिलिव्हरी, यूएसबी-सीची जलद चार्जिंगची पद्धत) ती १८-२० वॉटच देते. तेवढ्यात जड गेम खेळत राहिलात तर चार्जिंग लावूनही टक्के खाली येतात. म्हणून डेक घेणार असाल तर बँकेच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा: पीडी, १५ व्होल्ट, ३ अँपियर. हे दिसलं तरच घ्या. केबल साधी सी-टू-सी चालते, ३ अँपियर ती वाहून नेते. स्विचला एवढी कटकट नाही, फोनच्या चांगल्या पीडी चार्जरवर भागतं.

रेल्वेत सॉकेट आहे म्हणून निश्चिंत राहू नका. रात्री ११ ते पहाटे ५ सॉकेट बंद ठेवतात, आणि राणी चन्नम्मा रात्रीचीच. जेवायच्या आधीच यंत्र आणि बँक दोन्ही भरून घ्या. डब्यातलं सॉकेट बहुधा ११० व्होल्टचं असतं, त्यामुळं चार्जरवर ‘१००-२४०’ छापलंय का ते बघा; चांगल्या चार्जरवर असतंच. वंदे भारतला प्रत्येक सीटजवळ सॉकेट आहे. पुणे-हुबळी गाडी २०२४ च्या सप्टेंबरपासून बेळगावावरून जाते आणि २०२५ च्या ऑगस्टपासून बेंगळूर-बेळगावही सुरू झाली. दिवसाचा प्रवास परवडत असेल तर त्या गाडीत पॉवर बँक काढायचीही गरज नाही. सांबऱ्याहून विमानानं गेलात तर पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनला द्यायची नाही. १०० वॉट-अवरच्या आतली बिनपरवानगी चालते, म्हणजे ७४ ची बसते.

उन्हाचं सांगायचं राहिलं. स्विचसाठी कंपनीनंच ५ ते ३५ अंशांची मर्यादा दिलीय. एप्रिल-मेमध्ये अथणी, रायबागकडं दुपारी त्याच्या वर तापमान जातं. अशा वेळी बसमध्ये खिडकीच्या उन्हात खेळू नका आणि खेळता खेळता चार्जिंग तर नकोच. पंख्याची जाळी पोटाशी धरून झाकली जाते, तिकडं लक्ष ठेवा. उभ्या गाडीत यंत्र ठेवून जाऊ नका, लिथियम बॅटरीला उष्णतेइतकं वाईट काही नाही.

बॅगेत कडक केसच पाहिजे. मऊ पिशवीत सॅम्पलच्या खोक्यांचा दाब थेट स्टिकवर येतो. डेक ६६९ ग्रॅम, ओलेड ६४०, वर केस. स्विच लाईट फक्त २७५. दिवसभर पाठीवर घेऊन फिरणाऱ्याला हा फरक संध्याकाळी खांद्यात कळतो.

तुम्ही लिहिलंय त्यावरून माझं मत: स्विच लाईट किंवा स्विच ओलेड. कमी खातो, हलका, झोप चोख, छोटी पॉवर बँक पुरते.

कणकुंबी_पाऊस

दादा, मी टिळकवाडीची, नोकरी गोव्यात. शनिवारी घरी, सोमवारी पहाटे परत, तेही चोर्ल्यावरून. स्विच ओलेड वापरते. फिटरदादांनी करंटचं सगळं सांगितलंय, मी घाटाचं सांगते, कारण तुम्ही चंदगडकडं जाता म्हणजे वळणं तुम्हालाही आहेत.

वळणावर खेळू नका. डोळ्यांना समोर स्थिर पडदा दिसत असतो आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की शरीर हलतंय. दोघांचं जुळत नाही आणि मळमळायला लागतं. एकदा सुरू झालं की यंत्र ठेवूनही तासभर जात नाही. मी कणकुंबी आली की बंद करते आणि साखळीला परत काढते. सरळ रस्त्यावर खेळायचं तर मागच्या चाकाच्या पुढची सीट धरा. शेवटच्या सीटवर आपटून हात स्थिर राहत नाही. यंत्र मांडीवर नको, छातीच्या उंचीला धरा, म्हणजे नजरेच्या कडेला बाहेरचा रस्ताही दिसतो. मला यानं खरंच फरक पडला.

गेमही बघून निवडा. नेम धरून गोळी मारायचे गेम वेगदूत बसमध्ये होत नाहीत. आपली खेळी झाल्याशिवाय समोरचा हलत नाही असे गेम घ्या: पत्त्यांचे, डावपेचांचे, शेतीचे. खड्डा आला तर थांबायचं, विचार करायला वेळ मिळतो, आणि शेजारच्या मावशीनं “काय खेळूलालास बाळा?” विचारलं तर मान वर करून बोलताही येतं. लोक विचारतातच. माणसं तोडून खेळण्यात मजा नाही.

रेंज नसण्याचं म्हणाल तर स्विचला कार्डवरचे गेम घेतले की इंटरनेटचा संबंधच नाही. डाउनलोड केलेले असतील तर त्यांचं ‘व्हर्च्युअल गेम कार्ड’ ज्या यंत्रावर लोड केलंय तिथं ते बिननेटचे चालतात. कार्डं एवढीशी असतात, केसमध्ये खाचा असतात तिथंच ठेवा, खिशात नको. लहान मुलांनी तोंडात घालू नयेत म्हणून त्यांना मुद्दाम कडू लेप दिलेला असतो. माझ्या भाच्यानं एकदाच चाटून बघितलं, परत हात लावला नाही.

पावसाळ्यात माझी पद्धत ठरलेली आहे. केस जाड झिपच्या प्लास्टिक पिशवीत, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. एसी डब्यातून किंवा एसी बसमधून दमट हवेत उतरल्यावर यंत्र लगेच काढायचं नाही, काचेवर दव धरतं तसं आतही धरू शकतं. चार्जिंगचं पोर्ट ओलं वाटलं तर चार्जर लावायचाच नाही, आधी पूर्ण सुकू द्यायचं.

आणि एक विनंती. दवाखान्यात आवाज पूर्ण बंद ठेवा. शेजारी बसलेल्या माणसाच्या घरी काय चाललंय आपल्याला माहीत नसतं. बसमध्ये इयरफोन वायरचा बरा, ब्लूटूथला आवाज थोडा मागं पडतो. एक कान मात्र मोकळा ठेवायचा, कंडक्टरची हाक ऐकू आली पाहिजे.

निपाणी_स्टँड

ताई, मळमळीचं एकदम बरोबर. मी एक भर घालतो. यंत्राच्या भरवशावर बॅग भरताना परतीचा विचार करा. २०२५ च्या फेब्रुवारीत सीमेवर वाद पेटला आणि महाराष्ट्राच्या एसटी कर्नाटकात यायच्या थांबल्या, तेव्हा कोगनोळीपर्यंत एक गाडी, पुढं वडाप (शेअर जीप), असं करत घरी यावं लागत होतं. अशा दिवशी फोनची बॅटरी आधी. पॉवर बँकेतला शेवटचा भाग गेमला द्यायचा नाही, हे मी पाळतो.

चंदगड_लाईन

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं बारकाईनं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. झोपेचा मुद्दा मला कळला, माझ्या कामाला तोच सगळ्यात जवळचा आहे. मळमळीचंही पटलं, पुस्तक वाचतानाही मला चंदगडच्या वाटेवर त्रास होतो.

एक गोष्ट लिहायची राहिली होती. पीसीवर माझ्या स्टीम (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) अकाउंटला बरेच गेम आहेत, सेलमध्ये घेत आलोय. भाऊ तेच अकाउंट वापरतो. स्विच घेतला तर ते सगळे परत विकत घ्यायचे का? आणि डेक घेतला तर भावाचं आणि माझं एकाच वेळी चालणार नाही ना?

उद्यमबाग_फिटर

मग माझं मत बदललं. डेक घ्या.

स्विचवर ते गेम परत विकत घ्यावे लागतात, दुसरा मार्ग नाही. निन्टेंडोचं भारतासाठी ऑनलाइन दुकान नाही, त्यामुळं तिथं परदेशी किमतीत खरेदी होते. स्टीमवर रुपयांत घेता येतं आणि तुमच्याकडं आहेत ते गेम डेकवर फुकटात उतरतात. यंत्राची किंमत एकदाच, गेमची पुनःपुन्हा. सतत खेळणाऱ्याला हा हिशेब वर्षभरात कळतो. एवढंच बघा की तुमचे गेम डेकवर चालतात का. तपासून झालेल्या गेमच्या पानावर ‘व्हेरिफाइड’, ‘प्लेएबल’ किंवा ‘अनसपोर्टेड’ असा शिक्का असतो. चीट रोखणारी यंत्रणा असलेले काही ऑनलाइन नेमबाजीचे गेम चालत नाहीत, पण ते बसमध्ये तसेही खेळणार नाही तुम्ही.

भावाचं सोपं आहे. त्याला स्वतःचं स्टीम अकाउंट काढून द्या आणि ‘स्टीम फॅमिलीज’मध्ये घ्या. २०२४ मध्ये आलेली सोय आहे, सहा जणांपर्यंत चालते, एका घरातल्या माणसांसाठीच. तुमचे गेम त्याला दिसतील, फक्त काही गेम बनवणारे वाटून घ्यायला परवानगी देत नाहीत. तो एक गेम खेळत असताना तुम्ही दुसरा खेळू शकता. एकच प्रत असलेला तोच गेम मात्र दोघांना एका वेळी नाही. त्याची प्रगती त्याच्या अकाउंटला, तुमची तुमच्या. तुमच्या सेव्हवर त्यानं चुकून खेळून ठेवायचा प्रश्नही मिटला.

रेंजचं डेकवर असं करा. नवा गेम उतरवला की घरच्या वायफायवर एकदा उघडून सुरू करून बघा; पहिल्यांदा चालू होताना काही गेम आणखी फाइल ओढतात, तिसऱ्याच कंपनीचं लॉगिन मागतात. ते घरीच कळलेलं बरं. मग ऑफलाइन मोड लावून पुन्हा एकदा उघडून बघा. उघडला तर जांबोटीच्या पुढंही उघडणार. क्लाउड सेव्ह (स्टीमच्या सर्व्हरवर ठेवलेली प्रगती) गेम बंद केल्यावर वर जातं, नुसतं झोपवून ठेवल्यावर जाईलच असं नाही. म्हणून घरी पोचलात की गेम नीट बंद करा, नाहीतर पीसीवर जुनं सेव्ह दिसेल.

वॉरंटीचं निपाणीच्या मित्रानं म्हटलं ते लक्षात ठेवूनच घ्या. डेक इथं अधिकृत विकत नाहीत. विकणारा स्वतःच्या दुकानाची लेखी वॉरंटी देत असेल तरच पैसे मोकळे करा, तोंडी नको. एक बरं आहे, डेक साध्या स्क्रूंवर उघडतो, स्टिक आणि पंखा बदलायचे भाग सुटे मिळतात आणि फोनच्या बोर्डवर बारीक काम करणारा चांगला कारागीर ते बसवू शकतो.

साठवणीला थोडी सवड असेल तर ओलेडच घ्या. ५० वॉट-अवरची बॅटरी आणि कमी खाणारा पडदा, दोन्हीचा फायदा तुम्हाला रोज होईल. पहिला डेक स्वस्तात मिळाला तर तोही वाईट नाही, मी तोच वापरतोय. फक्त मग ४५ वॉटची पॉवर बँक त्याच खरेदीत धरा. आणि राणी चन्नम्माच्या आदल्या रात्री अपडेट उरकून घ्या, गाडीत बसल्यावर फोनच्या हॉटस्पॉटवर नको. नोंदींच्या ॲपला डेटा लागणारच आहे.